पाणबुडी ऐकायची कशी, आणि जहाजाचं चुंबकत्व उतरवायचं कसं

रडार समुद्राच्या पृष्ठभागापाशी थांबतं. त्याच्या लहरी खाऱ्या पाण्यात शिरल्या शिरल्या विरतात, आणि उजेडही अगदी स्वच्छ पाण्यात शे-दोनशे मीटरपलीकडे जात नाही. त्यामुळे बुडालेली पाणबुडी शोधायला मुख्यतः आवाज उरतो, आणि अगदी जवळ पोहोचल्यावर तिच्या पोलादाचं चुंबकत्व. अडचण अशी की शोधणारं जहाजही पोलादाचंच असतं आणि त्याचाही आवाज होतो. पाणबुडी त्याला ऐकत असते आणि समुद्रतळावरचा सुरुंग त्याचं चुंबकत्व मोजत असतो. म्हणून शोधणं आणि स्वतःला लपवणं या दोन गोष्टी वेगळ्या करून समजत नाहीत.

पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो, हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. पण हा आकडा स्थिर नाही, आणि सगळा खेळ तिथेच आहे. अरबी समुद्राच्या उबदार पाण्यात तापमान एका अंशाने उतरलं की वेग सव्वादोन ते अडीच मीटरने कमी होतो. खोली १०० मीटरने वाढली की दाबामुळे तो साधारण दीड मीटरने वाढतो. फरक किरकोळ वाटतात, पण आवाज नेहमी कमी वेगाच्या पाण्याकडे वळतो. बैलगाडीचं एक चाक चिखलात रुतलं की गाडी त्याच बाजूला ओढली जाते, तसंच ध्वनिलहरीचं होतं.

आता हिशेब पाहा. वरचं पाणी गरम आहे आणि दर १० मीटरला १ अंश थंड होत गेलं आहे असं समजू. अशा पाण्यात पृष्ठभागाजवळून अगदी आडवी निघालेली लहर ८०० मीटर पुढे जाईपर्यंत ४५ मीटर खाली उतरलेली असते. म्हणजे सोनार (आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणारं यंत्र) पूर्ण ताकदीने चालू आहे, बिघाड काहीही नाही, पण त्याचा आवाज समोर न जाता तळाकडे चालला आहे. दोन-तीन किलोमीटरवर कमी खोलीत असलेल्या पाणबुडीपर्यंत तो पोहोचतच नाही. या भागाला छायाक्षेत्र म्हणतात.

अमेरिकी नौदलाला हे १९३०च्या दशकात क्युबातल्या ग्वांतानामोजवळच्या सरावांत कळलं. सकाळी चांगला चालणारा सोनार दुपारनंतर आंधळा व्हायचा. अमेरिकेतल्या वुड्स होल या समुद्रसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तापमान मोजल्यावर कारण सापडलं: दिवसभराच्या उन्हाने पाण्याचा अगदी वरचा पातळ थर एक-दोन अंशांनी तापत होता, आणि पल्ला कोसळायला तेवढं पुरत होतं.

आपल्याकडे हा प्रश्न ऋतूप्रमाणे रूप बदलतो. एप्रिल-मेमध्ये अरबी समुद्र तापलेला आणि वारा मंद, त्यामुळे एकसारख्या तापमानाचा वरचा थर पातळ असतो. पावसाळ्यात नैर्ऋत्य वारा खुल्या समुद्रात पाणी ढवळून हा थर जाड करतो. पण त्याच काळात केरळपासून गोव्याकडच्या किनाऱ्यालगत खालचं थंड पाणी वर येतं, आणि तिथे थर उलट पातळ होतो. त्यात पाऊस आणि लाटांचा आवाज भर घालतो. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्र वरून थंड होतो, जड झालेलं पाणी खाली जातं आणि थर पुन्हा खोलवर पोहोचतो. जाड, एकसारख्या तापमानाच्या थरात फक्त दाबाचा परिणाम उरतो. लहर हलकेच वर वळते, पृष्ठभागावर आपटून परत येते आणि त्या थरातच अडकून दूरवर जाते. मात्र थर २० मीटरचाच असेल तर साधारण २ किलोहर्ट्झच्या खालचा आवाज त्यात टिकत नाही, खाली झिरपून जातो.

पाणबुडीच्या कप्तानालाही हे पाठ असतं. तो थराच्या सीमेखाली थोडं उतरून बसतो. वर जहाजाच्या तळाला बसवलेल्या सोनारचा आवाज सीमेवर दुभंगतो: काही वर वळतो, काही खाली, आणि मधल्या सावलीत पाणबुडी असते.

म्हणून शोध सुरू करण्याआधी पाण्याचं तापमान मोजतात. त्यासाठी एकदाच वापरायचं एक्सबीटी नावाचं टोकदार उपकरण असतं. त्याच्या नाकात तापमान मोजणारा थर्मिस्टर आणि मागे केसासारखी बारीक तांब्याची तार. ते सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास वेगाने बुडतं आणि ४६० मीटरपर्यंतचा आलेख सव्वा मिनिटात देतं. ते खोली मोजत नाही, पडण्याच्या वेळेवरून ती काढली जाते. तार जहाजाच्या अंगाला घासून तिचं वेष्टण सोललं गेलं, तर समुद्राच्या पाण्यातून वीज गळते आणि आलेखावर प्रत्यक्षात नसलेलं गरम पाणी दिसतं. अशा खोट्या उसळीवर विश्वास ठेवून सोनारची खोली ठरवली तर पुढचे सगळे अंदाज चुकतात. शंका आली की दुसरं एक्सबीटी टाकायचं, पहिल्याचा आलेख हाताने नीट करत बसायचं नाही.

आता आवाज टाकण्याकडे येऊ. जहाजाच्या नाळेखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, फुगीर घुमट असतो, त्यात विजेचं कंपनात आणि कंपनाचं विजेत रूपांतर करणारे शेकडो घटक रचलेले असतात. भारतीय नौदलाच्या अनेक जहाजांवरचा हुमसा हा सोनार कोचीच्या एनपीओएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने घडवला आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवला. अशा सोनारची वारंवारता काही किलोहर्ट्झ असते. ५ किलोहर्ट्झला लहरीची लांबी ३० सेंटिमीटर येते. वारंवारता वाढवली तर चित्र स्पष्ट होतं, पण पाणी आवाज शोषून घेतं. म्हणून सुरुंग शोधायचा सोनार शंभर किलोहर्ट्झच्या घरात चालतो आणि काहीशे मीटरच पाहतो.

प्रतिध्वनी दहा सेकंदांनी आला तर वस्तू साडेसात किलोमीटरवर आहे. त्याची वारंवारताही महत्त्वाची. पाणबुडी ५ नॉटने (ताशी सुमारे ९ किलोमीटर) जहाजाकडे येत असेल तर ५ किलोहर्ट्झचा सूर सुमारे १७ हर्ट्झने चढून परततो. तळावरचा खडक आणि बुडालेलं गलबत असा चढउतार देत नाहीत. माशांचा थवा, देवमासा, आणि खुद्द जहाजाने वळताना मागे सोडलेला बुडबुड्यांचा ढग यांच्याकडूनही प्रतिध्वनी येतोच. जहाज जोरात वळलं की तो ढग काही मिनिटं तिथेच राहतो आणि नवख्या कानाला हमखास फसवतो.

आवाज टाकण्याची किंमत मात्र मोठी आहे. अंतर दुप्पट झालं की एका दिशेने जाणारा आवाज पसरून चौथ्या हिश्श्यावर येतो. प्रतिध्वनीला जाऊन परत यायचं असतं, म्हणून तो सोळाव्या हिश्श्यावर. पाणबुडीला फक्त जाणारा आवाज ऐकायचा असतो. त्यामुळे जहाजाला ती सापडण्याच्या कितीतरी आधी तिला जहाज सापडतं. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाणबुडीच्या शोधात निघालेली आयएनएस खुक्री ही फ्रिगेट पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. पाणबुडीच्या मागावर असलेलं जहाज किती उघडं असतं, हे आपल्या नौदलाने तेव्हा फार मोठी किंमत देऊन पाहिलं.

म्हणून शक्य तितका वेळ नुसतं ऐकतात. पाणबुडीला पुढे ढकलणारा पंखा, तिचे पंप, जनित्रं यांचे ठरावीक सूर असतात. सात पात्यांचा पंखा मिनिटाला ९० फेरे घेत असेल तर साडेदहा हर्ट्झचा ठोका उमटतो. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर तो सूर आणि त्याचे दुप्पट-तिप्पट सूर दिसतात. पडद्यावर हे सगळं खाली सरकणाऱ्या उभ्या रेघांसारखं उमटतं आणि अनुभवी ऑपरेटर रेघांच्या जागेवरून यंत्र ओळखतो. पाणबुडी वेग बदलते तेव्हा पंख्याची रेघ वाकते आणि जनित्राची सरळ राहते. हा फरक एकदा डोळ्यात बसला की विसरत नाही.

पण ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी ३० मीटर. ती कुठल्या दिशेने आली हे छोट्या घुमटाला कळणार नाही. त्यासाठी जहाजामागे लांब केबलला जोडलेली शेकडो श्रवणयंत्रांची माळ ओढतात. ती जहाजाच्या स्वतःच्या आवाजापासून दूर असते आणि थराच्या खालीही सोडता येते. तिची खोड अशी की आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे सरळ माळेला समजत नाही. मग जहाज वळवायचं: खरा संपर्क आपल्या जागी राहतो, खोटा सरकतो. वळल्यावर माळ पुन्हा सरळ व्हायला वेळ लागतो. किलोमीटरभर मागे असलेली माळ १० नॉटला तीन मिनिटांहून अधिक खाते आणि तोवरच्या दिशा टाकून द्याव्या लागतात. नुसत्या दिशांवरून अंतर काढायलाही जहाजाला पुन्हा मार्ग बदलावा लागतो.

मुंबईसमोरचा भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, देशातला सर्वांत रुंद, आणि त्यावर पाणी बहुतेक १०० मीटरच्या आतलंच. तिथे माळ तळाला घासू शकते, ट्रॉलरच्या जाळ्यांत अडकू शकते, आणि आवाज तळ-पृष्ठभाग-तळ असा आपटत येतो. उथळ उबदार पाण्यात चुटक्या वाजवणाऱ्या कोळंबीचा सततचा कडकडाट असतो, २ किलोहर्ट्झपासून वर. अशा पाण्यासाठीच कमी खोलीत चालणारी पाणबुडीविरोधी जहाजं बांधली जात आहेत. त्यांतलं पहिलं आयएनएस अर्नाळा १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणममध्ये दाखल झालं. वसईजवळच्या अर्नाळा किल्ल्याचं नाव असलेलं हे ७७ मीटरचं जहाज नेहमीच्या पंख्याऐवजी वॉटरजेटवर चालतं.

स्वतःचा आवाज कमी करणं ही ऐकण्याची पहिली अट. एका वेगानंतर पंख्याच्या पात्यांवर बुडबुडे तयार होऊन फुटू लागतात, त्याचा सळसळाट दूरवर जातो आणि स्वतःचा सोनारही बधिर होतो. म्हणून जहाज थोडा वेळ जोरात जातं, मग मंद होऊन ऐकतं, पुन्हा जोरात जातं. इंजिनं रबरी आधारांवर किंवा तरंगत्या चौकटीवर बसवतात. उबदार बंदरात सोनारच्या घुमटावर शिंपले लवकर धरतात आणि पाणी त्यावर खळखळतं. पाणबुड्यांनी, म्हणजे डायव्हरांनी, तो घासून काढला नाही तर चांगल्यातला चांगला सोनारही कमी पडतो. पात्याच्या टोकाला पडलेली छोटी खाचसुद्धा ठरावीक वेगाला गुणगुणते.

जहाजाला एकट्याने हे काम झेपत नाही. हेलिकॉप्टर सोनार पाण्यात सोडून ऐकतं, उचलून पुढे जातं, आणि पाणबुडीला त्याचा अंदाज बांधता येत नाही. विमान सोनोबॉय टाकतं: साधारण ९० सेंटिमीटर लांब, १२ सेंटिमीटर व्यासाची नळकांडी. समुद्राचं पाणी शिरलं की त्यांची बॅटरी जागी होते, श्रवणयंत्र ठरवलेल्या खोलीवर उतरतं आणि वरचा अँटेना विमानाला आवाज पाठवतो. खोली टाकण्याआधीच निवडावी लागते, म्हणजे पुन्हा तोच तापमानाचा आलेख हाताशी हवा.

चुंबकत्वाचं काम शेवटी येतं. अरक्कोणम आणि गोव्याच्या हंसा तळावरून उडणाऱ्या नौदलाच्या पी-८आय टेहळणी विमानांच्या शेपटीत चुंबकीय विसंगती मोजणारं यंत्र आहे. अमेरिकेच्या स्वतःच्या पी-८ए विमानांवर ते नाही. मुंबईजवळ पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४३,००० नॅनोटेस्ला (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). पाणबुडी १०० मीटरवर १० नॅनोटेस्लाचा फरक पाडते असं धरलं, तर २०० मीटरवर तो सव्वा आणि ४०० मीटरवर ०.१६ उरतो, कारण अंतर दुप्पट झालं की परिणाम आठवा हिस्सा होतो. म्हणून हे यंत्र समुद्र धुंडाळायला उपयोगाचं नाही. आवाजाने जागा ठरली की त्यावरून खाली उडत जाऊन खात्री करायला ते वापरतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर त्यातही अडथळे. दख्खनचा बेसाल्ट समुद्राखालीही पसरलेला आहे आणि त्यातल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजामुळे तळ स्वतःच चढउतार दाखवतो. मुंबई हायपासून उरणला येणाऱ्या पोलादी वाहिन्या आणि बुडालेली जहाजं वेगळीच. त्यांचे नकाशे आधी तयार नसतील तर दर फेरीला नवी पाणबुडी सापडेल.

आता जहाजाच्या स्वतःच्या पोलादाकडे. त्यात दोन प्रकारचं चुंबकत्व असतं. एक कायमचं: गोदीत जहाज महिनोन् महिने एकाच दिशेला तोंड करून उभं असताना ठोकाठोक आणि वेल्डिंग झालं, की पृथ्वीच्या क्षेत्राची खूण पोलादात बसते. दुसरं तात्पुरतं: पृथ्वीचं क्षेत्र पोलादातून जाताना एकवटतं, आणि जहाज वळलं की तेही बदलतं.

याचा फायदा घेणारे जर्मन सुरुंग १९३९मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याभोवती पडू लागले. २१ नोव्हेंबरला एचएमएस बेलफास्ट या ब्रिटिश युद्धनौकेखाली असा स्फोट झाला, आणि तिला पुन्हा समुद्रावर यायला १९४२ उजाडलं. सुरुंग तळावर असतो, जहाजाला टेकत नाही. त्याच्या स्फोटाने खालचं पाणी उचललं जातं आणि जहाजाचा कणाच मोडतो. दोनच दिवसांनी थेम्सच्या मुखाशी शूबरीनेसच्या चिखलात ओहोटीला एक अख्खा सुरुंग उघडा पडला. लेफ्टनंट कमांडर जॉन ऊव्हरी यांनी चुंबकत्व नसलेली पितळी हत्यारं घेऊन तो निकामी केला. आत उभ्या चुंबकीय क्षेत्रातल्या बदलावर फिरणारी सुई निघाली. उपाय ठरला: जहाजाभोवती तारांची वेटोळी घालून उलट क्षेत्र तयार करायचं. या कामाला डीगॉसिंग नाव चार्ल्स गुडीव्ह यांनी दिलं.

ब्रिटनमध्ये पृथ्वीचं क्षेत्र बरंचसं खाली झुकलेलं असतं, म्हणून जहाजाला पाण्याच्या पातळीवर आडवं वेढणारं एक मोठं वेटोळं, एम कॉइल, बरंच काम भागवत असे. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. मुंबईला या क्षेत्राचा आडवा घटक उभ्या घटकाच्या जवळजवळ दुप्पट. दक्षिणेकडे जाताना उभा घटक कमी होत जातो, तिरुनेलवेलीजवळून जाणाऱ्या चुंबकीय विषुववृत्तावर शून्य होतो आणि त्यापलीकडे वरच्या दिशेला वळतो. आडवा घटक मात्र कायम असतो आणि जहाज लांबट असल्याने लांबीच्या दिशेत सहज चुंबकित होतं. उत्तर-दक्षिण जाताना त्याच्या नाळेकडे आणि मागे विरुद्ध ध्रुव तयार होतात, पूर्व-पश्चिम जाताना डाव्या-उजव्या बाजूंना. म्हणून आपल्या पाण्यात एल कॉइल, जी जहाजाला आडव्या छेदांत एकामागून एक वेढते, आणि ए कॉइल, जी लांबीच्या उभ्या पातळीत असते, यांना खरं काम. त्यांतली वीज दर वळणाला बदलावी लागते. नियंत्रक गायरो होकायंत्राकडून दिशा घेतो आणि डोलण्याचाही हिशेब धरतो.

प्रत्येक कॉइलमध्ये किती वीज सोडायची हे तळावर चुंबकमापक पसरलेल्या मोजणी-पट्ट्यावर ठरतं. जहाज त्यावरून सरळ, मंद आणि स्थिर वेगाने उत्तरेकडे जातं, मग दक्षिणेकडे. कायमचं चुंबकत्व जहाजाबरोबर तसंच राहतं, आडवं तात्पुरतं उलटतं. दोन्ही मोजण्यांची सरासरी घेतली की पहिलं निघतं, फरकाचा निम्मा घेतला की दुसरं. उभ्या घटकाला ही युक्ती चालत नाही, कारण जहाज वळल्याने तो उलटत नाही. कायमचा किती आणि तात्पुरता किती हे गणिताने किंवा वेगळ्या अक्षांशावर पुन्हा मोजून वेगळं करावं लागतं. मोजताना क्रेन, साखळ्या, दारूगोळा नेहमीच्या जागी बांधलेला हवा, नाहीतर मोजलेलं जहाज आणि मोहिमेवर जाणारं जहाज एक नसतं.

कायमचं चुंबकत्व फार वाढलं तर डीपर्मिंग. जहाजाभोवती जाड केबलचे वेढे घालतात, हजारो अँपिअर वीज आलटूनपालटून उलट-सुलट सोडतात आणि दर ठोक्याला जोर कमी करत नेतात. पहिले जोरदार ठोके पोलादाची जुनी खूण मोडतात, पुढचे तिला शून्याजवळ आणून बसवतात. पुरेशा जोरापासून सुरुवात केली नाही किंवा मधला एखादा ठोका चुकला तर नवीच खूण बसते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. केबल बांधण्यातच दिवस जातात. होकायंत्रं आणि चुंबकाने बिघडणारी उपकरणं आधी उतरवतात.

बिघाडही ठरलेले असतात. जोडपेटीत ओल शिरून तारेचं इन्सुलेशन उतरतं. दुरुस्तीनंतर एखादी कॉइल उलट जोडली जाते आणि जहाजाचं चुंबकत्व कमी होण्याऐवजी वाढतं. जहाजावर बसून हे दिसत नाही, पट्ट्यावरून गेल्याशिवाय कळत नाही. मोठं वेल्डिंग, गोदीतला दीर्घ मुक्काम, जवळ झालेला स्फोट, यांनंतर जुने आकडे निकामी. पाणबुडीचं तर प्रत्येक खोल बुडीत दाबाने पोलाद ताणलं जातं आणि तिची खूण हळूहळू सरकते. जर्मन २१२ए पाणबुड्यांचं कवच म्हणूनच चुंबकत्व न धरणाऱ्या पोलादाचं आहे.

या सगळ्याला पृथ्वीचं क्षेत्र अचूक माहीत असण्याचा आधार लागतो, आणि ते मोजायचं काम मुंबईत १८४१मध्ये सुरू झालं. कुलाबा वेधशाळेची चुंबकीय मोजणी १९०४मध्ये अलिबागला हलवण्यात आली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येत होत्या आणि रुळांतून जमिनीत गळणारी वीज सुया हलवणार होती. जहाजातही हाच दोष लहान प्रमाणात असतो. कांस्याचा पंखा आणि पोलादी कवच समुद्राच्या पाण्यात बॅटरीसारखे वागतात. शिवाय गंज रोखायला सोडलेली वीजही कवच आणि पंखा यांच्यात वाहते. पंखा फिरवणाऱ्या दांड्याचा बेअरिंगशी संपर्क फिरताना कमीजास्त झाला की ही वीज पंख्याच्या तालावर धडकते आणि आधुनिक सुरुंगाला तो ताल ओळखता येतो. त्यावर इलाज म्हणजे दांड्याला कवचाशी जोडणारे कार्बनचे ब्रश. त्यांच्यावर तेल किंवा धूळ बसली की विरोध वाढतो, म्हणून दांड्याची रिंग पुसायची, ब्रश झिजला असेल तर बदलायचा, आणि दांडा व कवच यांच्यातला व्होल्टेज मोजून नोंदवहीत लिहायचा.